डेन्मार्कमध्ये मुलांचे पाळणाघर आणि शाळा: नव्याने येणाऱ्या कुटुंबांसाठी

पुण्यामुंबईहून नोकरीनिमित्त कोपनहेगन, आरहुस किंवा बिलुंडला येणाऱ्या कुटुंबांनी घरभाडे, थंडी आणि कर यांची चौकशी आधीच केलेली असते. मुलांच्या शाळेचे मात्र बहुतेकदा ‘तिकडे गेल्यावर बघू’ असे ठरलेले असते. वास्तविक डेन्मार्कमध्ये ही व्यवस्था समजायला अवघड नाही, कारण सहा महिन्यांच्या बाळापासून नववीतल्या मुलापर्यंत सगळ्यांची जबाबदारी एकाच दाराशी, म्हणजे आपण राहतो तिथल्या कोम्यूनकडे असते. कोम्यून म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था, आपल्या महानगरपालिकेसारखी. नवागतांची अडचण होते ती क्रमामुळे. घराच्या पत्त्याशिवाय नोंदणी क्रमांक नाही, नोंदणी क्रमांकाशिवाय पाळणाघराची रांग नाही, आणि रांगेत नाव नसेल तर नोकरीवर हजर व्हायचा दिवस येऊनही मूल घरीच असते. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

भारतातून निघण्यापूर्वी

मुलाचा जन्मदाखला आणि आईवडिलांचा विवाह नोंदणी दाखला या दोन कागदांवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला फक्त मराठीत असेल, अथवा त्यावरचा बाळाच्या नावाचा रकाना कोरा राहिलेला असेल, तर नाव घालून इंग्रजी मजकुरासह नवी प्रत काढून घ्यावी आणि दोन्ही दाखल्यांवर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणन, करून घ्यावे. आपल्याकडच्या नावांच्या पद्धतीकडे इथे विशेष लक्ष द्यावे लागते. मुलाच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव मधले नाव म्हणून येते आणि जन्मदाखल्यावर ते नसते, किंवा आईचे नाव दाखल्यावर माहेरचे आणि पासपोर्टवर सासरचे असते. अशा वेळी समोरच्या डॅनिश कर्मचाऱ्याला ही एकच व्यक्ती आहे हे केवळ तोंडी सांगून पटत नाही. तफावत असेल तर ती भारतातच दुरुस्त करावी किंवा निदान राजपत्रातील नोंद अथवा प्रतिज्ञापत्र सोबत ठेवावे.

लसीकरणाचे कार्ड हातातल्या बॅगेत असू द्यावे. डेन्मार्कमध्ये पाळणाघरात प्रवेश मिळण्यासाठी लसीकरणाची सक्ती नाही, परंतु तिथले वेळापत्रक आपल्यापेक्षा वेगळे आहे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची लस १५ महिन्यांना आणि पुन्हा ४ वर्षांना देतात, तर बीसीजी तिथल्या नियमित कार्यक्रमातच नाही. कोणती लस झाली आणि कोणती राहिली हे डॉक्टरांना कार्डावरूनच ठरवता येते. शाळेत जाणाऱ्या मुलांची मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तके आणि शाळा सोडल्याचा दाखलाही घ्यावा. थंडीचे कपडे मात्र भारतातून खरेदी करून नेऊ नयेत; त्याचे कारण पुढे येईलच.

पत्ता, सीपीआर आणि मिटआयडी

तीन महिन्यांहून अधिक काळ राहण्याचा परवाना असलेल्या प्रत्येकाला, तान्ह्या बाळालासुद्धा, सीपीआर क्रमांक, म्हणजे वर म्हटलेला रहिवाशाचा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो. राहण्याची जागा मिळाल्यापासून पाच दिवसांच्या आत ही नोंदणी करायची असते. कोपनहेगन, आरहुस, ओडेन्स आणि ऑल्बोर्ग येथे परदेशातून आलेल्यांसाठी बरीचशी कामे एकाच छताखाली करणारी केंद्रे आहेत. इतरत्र कोम्यूनच्या नागरिक सेवा कार्यालयात जावे लागते. मुलांना सोबत नेणे आवश्यक असते.

घर घेताना करारात ‘या पत्त्यावर सीपीआर नोंदणी करता येईल’ याची खात्री करून घ्यावी. तात्पुरत्या मुक्कामाच्या काही जागांवर ती करू देत नाहीत आणि मग सगळी साखळीच अडून बसते. पत्त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे: मुलाची सरकारी शाळा त्या पत्त्यावरूनच ठरते. त्यामुळे घर कंपनीच्या कार्यालयाजवळ आहे की नाही, यापेक्षा ते कोणत्या शाळेच्या हद्दीत येते हे आधी पाहावे, असे माझे मत आहे.

सीपीआर झाले की काही दिवसांत टपालाने पिवळे आरोग्य कार्ड येते. त्यावर आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांचे नाव असते. यानंतर आईवडील दोघांनीही मिटआयडी हे डिजिटल ओळखपत्र काढावे. ‘एकाचे असले म्हणजे पुरे’ हा हिशेब इथे उपयोगाचा नाही, कारण पाळणाघराचा अर्ज, त्याचे शुल्क, शाळेचे निरोप आणि सरकारी पत्रे हे सगळे त्याच ओळखपत्राने उघडते, आणि शाळेचे निरोप आईला व वडिलांना स्वतंत्रपणे येतात.

सहा वर्षांखालील मुले: जागा मिळवणे

शाळेपूर्वीच्या मुलांसाठी मुख्यतः तीन प्रकारच्या जागा असतात. तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी व्हुगेस्टुए असते, तीन वर्षांपासून शाळेत जाईपर्यंत बर्नेहेव असते, आणि लहान बाळांसाठी तिसरा पर्याय डॅगप्लाये हा आहे, ज्यात कोम्यूनने नेमलेली व्यक्ती आपल्या स्वतःच्या घरी तीनचार मुलांना सांभाळते. अनेक ठिकाणी व्हुगेस्टुए आणि बर्नेहेव एकाच इमारतीत असतात. तशी जागा मिळाल्यास तिसऱ्या वाढदिवसानंतर मुलाला पुन्हा नव्या माणसांत रुळावे लागत नाही. ज्यांचे बाळ अजून वर्षाचेही नाही आणि गर्दीत बावरते, त्यांनी डॅगप्लायेचा विचार अवश्य करावा. घरगुती वातावरणामुळे आपल्याकडच्या आजींना तो पर्याय पाहताक्षणी पसंत पडतो, असा माझा अनुभव आहे.

यांशिवाय जंगलातल्या बर्नेहेव असतात, जिथे मुले बाराही महिने जवळजवळ सगळा दिवस बाहेर काढतात. कोपनहेगनमध्ये काही संस्था रोज सकाळी बसने मुलांना शहराबाहेर नेतात व दुपारी परत आणतात. भारतातून आलेल्या पालकांना हे धाडसाचे वाटते. परंतु भाषा न येणाऱ्या मुलाला चिखल, काठ्या आणि झाडे यांच्या संगतीत मित्र लवकर मिळतात, हेही लक्षात घ्यावे.

अर्ज कोम्यूनच्या संकेतस्थळावरून, तिथल्या जागावाटप कार्यालयाकडे करायचा असतो. या कार्यालयाला प्लासॲनव्हिसनिंग म्हणतात. मूल २६ आठवड्यांचे झाल्यापासून शाळेत जाईपर्यंत त्याला जागा देण्याचे बंधन कोम्यूनवर कायद्याने आहे. मात्र अर्ज केल्यापासून जागा देईपर्यंत तीन महिन्यांपर्यंतची मुदत कोम्यून ठरवू शकते. सीपीआर हाती आल्याच्या दिवशीच अर्ज भरावा, असे सांगण्याचे कारण हेच आहे. अर्जात आपल्या पसंतीच्या संस्था लिहिता येतात, पण हमी असते ती ‘एका’ जागेची, आपल्या आवडीच्या जागेची नव्हे. हमीची जागा घरापासून थोडी दूर निघाली, तर ती घेऊन पसंतीच्या संस्थेच्या प्रतीक्षायादीत नाव तसेच ठेवता येते का, हे विचारून घ्यावे. जागा नाकारल्यास हमीचे काय होते, हे प्रत्येक कोम्यूनच्या नियमांत लिहिलेले असते आणि नाकारण्यापूर्वीच ते वाचावे. दरम्यानच्या काळात एका पालकाला उशिरा नोकरीवर रुजू होता येत असेल, तर तशी बोलणी कंपनीशी भारतातूनच करावी.

खर्चाच्या बाबतीत, संस्था चालवण्याच्या खर्चाच्या जास्तीत जास्त २५ टक्के रक्कम पालकांकडून घेता येते आणि उरलेला भार कोम्यून उचलते. दर कोम्यूननिहाय वेगळे असतात. बाळांच्या जागेसाठी महिन्याला ढोबळमानाने ३ ते ५ हजार क्रोनर आणि बर्नेहेवसाठी त्याहून बरेच कमी लागतात. दोन मुले असतील तर सर्वांत महाग जागेचे पूर्ण आणि दुसऱ्या मुलाचे निम्मे शुल्क द्यावे लागते. उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर शुल्कात आणखी सवलत मिळते. कुटुंबात एकटेच कमावते असतील तर ही मर्यादा तपासून पाहावी.

मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याविषयी मात्र अपेक्षा आवरती ठेवावी. तो सगळ्यांना मिळतो असे ऐकिवात येते, परंतु त्याचा पूर्ण हक्क पालकांच्या डेन्मार्कमधील वास्तव्याशी वा नोकरीशी बांधलेला आहे आणि तो सहा वर्षांत हळूहळू पूर्ण होतो. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या कुटुंबाने पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक तो भत्ता धरून करू नये.

पहिले आठवडे

जागेची तारीख ठरली की लगेच दुसऱ्या दिवशी मुलाला सोडून कामावर जाता येत नाही. सुरुवातीचा आठवडा, कधी दोन आठवडे, रुळण्यासाठी राखलेले असतात. त्याला इनक्योरिंग म्हणतात. पहिल्या दिवशी पालक तासभर मुलासोबत खोलीतच बसतो, दुसऱ्या दिवशी कॉफी प्यायला शेजारच्या खोलीत जातो, मग अर्धा तास बाहेर, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत, असे ते वाढत जाते. या काळासाठी रजा राखून ठेवावी. निरोप घेताना मुलाचे लक्ष नसताना हळूच सटकण्याची जी आपली पद्धत आहे, ती इथल्या शिक्षिकांना अजिबात मान्य नसते. मूल रडले तरी चालेल, पण त्याला सांगून, हात हलवून जावे असे त्या आग्रहाने सांगतात, आणि त्यांचे ऐकावे.

मुलांना सांभाळणाऱ्यांत पेडॅगोग आणि साहाय्यक असे दोन प्रकारचे लोक असतात. पेडॅगोग होण्यासाठी साडेतीन वर्षांची पदवी लागते. २०२४ पासून तीन लहान बाळांमागे एक आणि सहा मोठ्या मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असे किमान प्रमाण कायद्याने बंधनकारक आहे. मात्र हे प्रमाण संपूर्ण कोम्यूनच्या सरासरीने मोजतात, त्यामुळे दुपारी चार वाजता आपल्याला खोलीत एकच ताई दिसली तर कायदा मोडला असे होत नाही.

आता कपड्यांविषयी. दारातून आत शिरले की भिंतीलगत लाकडी कप्प्यांची रांग दिसते. प्रत्येक कप्प्यावर एका मुलाचे नाव आणि छायाचित्र, खाली बुटांची जागा, वर टोपरी आणि हातमोजे, आणि खुंटीला लटकलेला डोक्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध जाड पोशाख. या पोशाखाला फ्लूवरड्राग्ट म्हणतात आणि ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत त्याच्यावाचून चालत नाही. त्याखेरीज पावसाळी पँट व जाकीट, रबरी बूट, थंडीचे बूट, आतून घालायचे लोकरीचे कपडे, घरात घालायच्या मऊ चपला आणि अंगातल्या कपड्यांचे दोन पूर्ण जोड कप्प्यात असावे लागतात. भारतात मिळणारे जाकीट दिसायला जाड असले तरी ओल्या वाळूत बसून दोन तास खेळण्यासाठी ते केलेले नसते, म्हणून ही खरेदी तिथेच करावी. जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि पालकांच्या आपापसांतल्या विक्रीत उत्तम स्थितीतले पोशाख निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मुले वर्षभरात वाढतात, तेव्हा नव्याचा हट्ट धरू नये. प्रत्येक वस्तूवर, अगदी एकेका हातमोज्यावर, नावाची चिकटपट्टी लावावी. पावसामुळे मुलांना आत ठेवतील अशी अपेक्षा ठेवू नये. उलट संध्याकाळी मूल चिखलाने माखलेले मिळाले, तर दिवस चांगला गेला असे समजतात.

लहान बाळांची दुपारची झोप बाहेर, उघड्या आवारात, बाबागाडीत होते, आणि ती हिवाळ्यातही तशीच होते. बाळाला लोकरी कपडे आणि पिसांची दुलई यांत गुंडाळलेले असते आणि कोणीतरी सतत लक्ष ठेवून असते. हे पहिल्यांदा पाहणाऱ्या आजीआजोबांना धक्का बसतो, तेव्हा व्हिडिओ कॉलवर दाखवण्यापूर्वी थोडी प्रस्तावना करावी. बाळाला सुरुवातीला आतच झोपवावे असे वाटत असेल तर तसे स्पष्ट सांगता येते.

जेवणाच्या बाबतीत काही संस्था दुपारचे जेवण देतात आणि काही ठिकाणी घरून डबा न्यावा लागतो. डब्यात डॅनिश मुले राईचा काळा पाव, त्यावर डुकराच्या काळजाचा लगदा किंवा काकडी, आणि गाजराचे तुकडे आणतात. पोळीभाजी, थालीपीठ किंवा इडली न्यायला काहीच हरकत नसते. फक्त डबा सहसा गरम करून देत नाहीत आणि सुक्यामेव्याच्या ॲलर्जीमुळे शेंगदाणे चालतात का, हे विचारावे लागते. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे सांगून भागत नाही. मांस नाही, मासे नाहीत, अंडे केकमध्ये चालते की नाही, आणि खाऊच्या गोळ्यांमधले जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ) चालते की नाही, हे कागदावर डॅनिशमध्ये लिहून द्यावे. कारण फेब्रुवारीतल्या फास्टेलाउन सणाला मुले वेष धारण करून लाकडी पिंप काठीने फोडतात, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या गोळ्यांपैकी बऱ्याच जिलेटिनच्या असतात.

संस्था सकाळी साडेसहा-सातला उघडते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास, शुक्रवारी त्याआधीच, बंद होते. परंतु बहुतेक पालक साडेतीन ते चारच्या दरम्यान मुलांना घेऊन जातात आणि कार्यालयातही त्याबद्दल कोणी भुवई उंचावत नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी धावत पोहोचणे ही मात्र तिथे गंभीर गोष्ट समजली जाते. मूल आजारी पडले तर सर्व खेळांत नेहमीप्रमाणे भाग घेण्याइतके बरे होईपर्यंत घरी ठेवावे लागते. औषध देऊन ताप उतरवून पाठवलेले मूल दुपारी फोन करून परत नेण्यास सांगतात. पहिल्या हिवाळ्यात हे वारंवार घडते. बहुतेक नोकऱ्यांच्या करारांत मुलाच्या आजारपणाच्या पहिल्या दिवसाची पगारी रजा असते. आपल्या करारात ती आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहावे.

शिकवतात काय?

हा प्रश्न आपल्या पालकांच्या मनात सतत असतो. पुण्यात ज्युनिअर केजीत मुले अक्षरे गिरवतात, इथे पाच वर्षांचे मूल दिवसभर वाळूत बोगदे खणते, तेव्हा ‘हे मागे पडेल’ अशी धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. बर्नेहेवला कायद्याने ठरलेला शैक्षणिक आराखडा असतो आणि त्याचे सहा विषय आहेत: व्यक्तिमत्त्वाची घडण, सामाजिक विकास, संवाद व भाषा, शरीर व हालचाल, निसर्ग, आणि संस्कृती व सहजीवन. लेखन आणि पाढे त्यात नाहीत. स्वतःचे कपडे स्वतः चढवणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, भांडण शब्दांनी मिटवणे याला तिथे अभ्यासाचा दर्जा आहे. पेडॅगोगकडे ‘वाचायला कधी शिकवणार?’ अशी विचारणा वारंवार करण्यापेक्षा ‘तो कोणाबरोबर खेळतो?’ असे विचारावे. त्या प्रश्नाला मिळणारे उत्तर मुलाच्या भाषेविषयीही बरेच काही सांगून जाते.

तीन वर्षांच्या सुमारास भाषेची चाचणी होऊ शकते आणि डॅनिश कमी पडत असेल तर संस्थेतच मदत दिली जाते. त्यासाठी घरी मोडकीतोडकी डॅनिश बोलण्याची गरज नाही. घरात मराठीच बोलावी, गोष्टी मराठीतच सांगाव्यात. बोलणे, ऐकणे, लक्ष देणे, वागणे यांविषयी खरोखर काळजी वाटत असेल तर कोम्यूनच्या पीपीआर या शैक्षणिक-मानसशास्त्रीय सल्ला विभागाकडे संस्थेमार्फत जाता येते. त्यासाठी शुल्क नसते.

एक गोष्ट येथेच स्पष्टपणे सांगायला हवी. डेन्मार्कमध्ये १९९७ पासून पालकांनाही मुलावर हात उगारण्याची कायद्याने मुभा नाही. चापट, कान पिरगाळणे, ‘धाक म्हणून एक लावली’ हे सगळे त्यात येते. मूल संकटात आहे अशी शंका आल्यास कोम्यूनला कळवणे हे शिक्षक आणि पेडॅगोग यांचे कायदेशीर कर्तव्य आहे, ती त्यांची मर्जी नाही. भेटीला आलेल्या आजीआजोबांनाही हे आधीच सांगून ठेवावे.

फोल्केस्कोले: शाळेत नाव घालणे

डेन्मार्कमध्ये १८१४ च्या शालेय कायद्यांपासून सर्व मुलांना शिकवणे सक्तीचे आहे. सक्ती शिक्षणाची आहे, विशिष्ट शाळेची नाही. आज ही सक्ती दहा वर्षांची आहे आणि ती मूल ज्या कॅलेंडर वर्षात सहा वर्षांचे होते त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुरू होते. म्हणजे २०२० मध्ये, जानेवारीत काय किंवा डिसेंबरात काय, जन्मलेले मूल ऑगस्ट २०२६ मध्ये शून्य इयत्तेत बसते. शून्य इयत्तेनंतर पहिली ते नववी, आणि ऐच्छिक दहावी. सरकारी शाळेला फोल्केस्कोले म्हणतात. तिथे शुल्क नाही, पुस्तके शाळेची, गणवेश नाही, देणगीचा तर प्रश्नच नाही.

नाव नोंदवण्याची मोहीम बहुधा हिवाळ्यात, पुढच्या ऑगस्टसाठी, चालते. आधीपासून राहणाऱ्यांना तसे पत्र डिजिटल टपालात येते. वर्षाच्या मध्यात आलेल्या कुटुंबाने पत्राची वाट न पाहता थेट आपल्या हद्दीतील शाळेच्या कार्यालयात किंवा कोम्यूनच्या शाळा विभागात जावे. दुसरी सरकारी शाळा हवी असल्यास तिथे जागा शिल्लक असेल तर मागता येते. काही कोम्यूनमध्ये शाळेत जाणार असलेली मुले वसंत ऋतूतच बर्नेहेव सोडून शाळेच्या पाळणाघरात दाखल होतात. हा बदल कधी होतो हे विचारून घ्यावे, नाहीतर एप्रिलमध्ये अचानक सगळे मित्र निघून गेलेले मुलाला दिसतात.

आपल्याकडे पहिलीत इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाचणारे मूल इथे वयाप्रमाणे शून्य इयत्तेत गेले, तर ‘एक वर्ष वाया गेले’ म्हणून शाळेशी वाद घालू नये. शून्य इयत्ता ही भाषा न येणाऱ्या मुलासाठी सर्वांत सोयीची इयत्ता आहे, कारण तिथे सर्वांचीच सुरुवात असते.

त्यापुढच्या इयत्तांसाठी दोन मार्ग असतात. काही कोम्यून नवागत मुलांना वेगळ्या स्वागतवर्गात ठेवून आधी डॅनिश शिकवतात. या वर्गाचा काळ दोन वर्षांपर्यंतचा असू शकतो, आणि गणित, व्यायाम, चित्रकला अशा विषयांसाठी मुलाला हळूहळू नेहमीच्या वर्गात पाठवतात. इतर ठिकाणी मूल थेट नेहमीच्या वर्गात बसते आणि आठवड्यातले काही तास त्याला डॅनिशची स्वतंत्र शिकवणी मिळते. स्वागतवर्ग दुसऱ्याच शाळेत असेल तर नेण्याआणण्याची सोय कोण करणार, नेहमीच्या वर्गात जाण्याचा निर्णय कोण आणि कशावरून घेणार, आणि नंतर आपल्या हद्दीतल्या शाळेत जागा राखलेली असते का, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांचा पर्यायही आहे. कोपनहेगनच्या नोर्डहाउन भागातील कोपनहेगन इंटरनॅशनल स्कूल, आरहुसमधील आंतरराष्ट्रीय शाळा, आणि लेगोच्या गावी २०१३ मध्ये सुरू झालेली इंटरनॅशनल स्कूल ऑफ बिलुंड या त्यांपैकी ठळक. या खाजगी शाळांचे शुल्क एकमेकींपेक्षा फार वेगळे असते. कंपनी शुल्क भरणार असेल तर किती वर्षे भरणार, हे लेखी घ्यावे. दोन वर्षांत नक्की परतायचे असेल किंवा मूल सातवीआठवीत असेल, तर इंग्रजी माध्यम समजण्यासारखे आहे. चारपाच वर्षे राहण्याचा विचार असलेल्या आणि दहा वर्षांखालील मुले असलेल्या कुटुंबाने मात्र फोल्केस्कोलेच निवडावी, असे मी सुचवीन. शेजारची मुले त्याच शाळेत असतात, आणि मुलाबरोबर आईवडिलांनाही शेजार मिळतो.

शाळेतले दैनंदिन व्यवहार

शाळेचा सगळा संवाद आउला या ॲपवरून होतो. सहलीचा दिवस, उवांचा इशारा, पालकसभा, पोहण्याचे कपडे आणण्याची आठवण, सगळे तिथेच आणि डॅनिशमध्ये येते. रोज संध्याकाळी ते उघडून भाषांतर करून वाचण्याची जबाबदारी घरात एकाने घ्यावी. शिक्षकांना मुले पहिल्या नावाने हाक मारतात. ‘मॅडम’ आणि ‘सर’ यांची सवय असलेल्या मुलाला पहिले काही दिवस तोंडातून हाकच फुटत नाही. शिक्षकांना त्यात उद्धटपणा वाटत नाही, हे त्याला घरी समजावून द्यावे.

इंग्रजी पहिलीपासून आणि जर्मन किंवा फ्रेंच पाचवीपासून असते. गुण आठवीपासूनच दिले जातात. त्याआधी शिक्षक पालकांना आणि मुलाला समोर बसवून प्रगतीविषयी बोलतात, आणि त्या बैठकीत मुलाच्या मैत्रीवर गणिताइतकाच वेळ जातो. वर्गात कितवा आला, हे तिथे कोणी सांगत नाही. आठवीपासूनची गुणश्रेणी उणे ३ पासून १२ पर्यंत सात पायऱ्यांची आहे.

लहान वर्गांची शाळा दुपारी दोनच्या सुमारास सुटते. त्यानंतरच्या वेळेसाठी शाळेलाच जोडलेले एसएफओ हे सशुल्क खेळघर असते. आई किंवा वडील घरी असले तरी निदान पहिल्या वर्षी मुलाला तिथे जरूर घालावे, कारण मुले खरी डॅनिश भाषा तिथे शिकतात, वर्गात नव्हे. एकमेकांकडे खेळायला जाणेही आउलावरून किंवा फोनवरून आधी ठरवले जाते. न सांगता दारात जाऊन उभे राहण्याची पद्धत नाही. वाढदिवसाला अनेक वर्गांत संपूर्ण वर्गाला किंवा सगळ्या मुलींना अथवा सगळ्या मुलांना बोलावण्याचा संकेत असतो, तेव्हा निवडक चार मित्रांना निमंत्रण देण्यापूर्वी वर्गाच्या पालक प्रतिनिधीला विचारावे.

सुट्ट्या आठवड्यांच्या क्रमांकाने बोलल्या जातात. शरद ऋतूची सुट्टी ४२ व्या आठवड्यात, हिवाळ्याची सातव्या किंवा आठव्या आठवड्यात, आणि उन्हाळ्याची जूनअखेरपासून सुमारे सहा आठवडे. दिवाळी यांपैकी कशातच बसेल याची खात्री नाही. भारतात जाण्यासाठी जादा दिवस हवे असतील तर मुख्याध्यापकांकडे आधी परवानगी मागावी, आणि तिकिटे त्यानंतर काढावीत. एका तिमाहीत विनापरवाना गैरहजेरी १५ टक्क्यांवर गेली, तर मुलाचा सरकारी भत्ता त्या काळापुरता बंद होऊ शकतो.

मोठी मुले

चौदा-पंधराव्या वर्षी येणाऱ्या मुलांचा विचार सर्वांत काळजीपूर्वक करावा लागतो. नववीच्या अखेरीस शालान्त परीक्षा डॅनिशमध्ये असते, आणि गिम्नॅशियम (शालान्त परीक्षेनंतरचे उच्च माध्यमिक विद्यालय) किंवा व्यावसायिक शिक्षणाचा प्रवेश तिच्यावर व शाळेच्या मूल्यमापनावर ठरतो. वर्षभरात त्या पातळीची भाषा येणे कठीण आहे. अशा मुलांना ऐच्छिक दहावी उपयोगी पडते. तसेच आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एफ्टरस्कोले नावाच्या निवासी शाळा आहेत, जिथे संगीत, खेळ किंवा हस्तकलेवर भर असतो. दुसरा मार्ग म्हणजे इंग्रजीतील आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, जो काही सरकारी गिम्नॅशियममध्येही आहे.

मराठी आणि परतीची वाट

मातृभाषेचे वर्ग चालवण्याचे कोम्यूनवरचे बंधन युरोपीय संघ व तत्सम देशांच्या मुलांपुरते आहे, मराठीसाठी नाही. मराठी लिहिणे-वाचणे घरीच सांभाळावे लागते. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. पहिलीदुसरीची पुस्तके छापून घेऊन आठवड्यातून दोन ठरलेल्या संध्याकाळी बसले, तर ते टिकते.

परत जायचे ठरले की निघण्याच्या किमान दोन महिने आधी शाळेच्या कार्यालयाला कळवावे. आपल्याकडे मागतात तसा शाळा सोडल्याचा दाखला डॅनिश शाळेत ठरलेल्या नमुन्यात मिळत नाही आणि खालच्या इयत्तांना गुणपत्रिकाही नसते. म्हणून शाळेच्या अधिकृत कागदावर, इंग्रजीत, मुख्याध्यापकांच्या सहीने मुलाचे पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, प्रवेशाची आणि सोडल्याची तारीख, पूर्ण केलेली इयत्ता आणि शिकलेले विषय लिहून घ्यावेत, आणि त्यावर डेन्मार्कच्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल करून घ्यावे. भारतात शून्य इयत्ता म्हणजे काय हे कोणाला कळत नाही. म्हणून त्याच पत्रात ‘ही सक्तीच्या दहा वर्षांतील पहिल्या वर्षाची इयत्ता आहे’ असे एक वाक्य मागून घ्यावे.